तोडलेली घाणेरी दाट का होते, आणि ती मुळातून कशी काढायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावालगतच्या अभयारण्यात गेल्या आठ-दहा वर्षांत टणटणी, म्हणजे लँटानाचं परकं काटेरी झुडूप, माजली. वनखात्याच्या सोबतीनं, श्रमदानातून दोन उन्हाळे ती कोयत्यानं तोडली, ढीग लावून जाळलीसुद्धा. तरी दर पावसाळ्यात ती आधीपेक्षा दाट उगवली. आता ती नेमकी काढायची कशी, आणि काढताना चांगली झुडपं हकनाक जाऊ नयेत म्हणून ओळखायची कशी? सह्याद्रीच्या पूर्व उतारावर मी बरीच वर्षं हेच काम करतो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आमच्याकडे तिला घाणेरी म्हणतात, मीही तेच नाव वापरतो.

आधी ती दाट का झाली ते. घाणेरीचं खोड आणि मूळ जिथे एकमेकांना मिळतात, तिथे जमिनीलगत एक जाडसर गाठ असते. या गाठीवर झोपलेले डोळे असतात. वरचं खोड गेलं की ते जागे होतात आणि एका खोडाच्या जागी पाच-सहा धुमारे वर येतात. कोयता नेहमी या गाठीच्या वर चालतो, म्हणून प्रत्येक तोड ही खरं तर तिची छाटणी ठरते. आगीचंही तेच. वरच्या काटक्या जळतात, गाठ मातीत सुखरूप राहते. तिच्या आजूबाजूचं गवत, ऐन-जांभळाची कोवळी रोपं मात्र जळून जातात. पहिला पाऊस पडला की मुळात साठवलेल्या ताकदीवर सगळ्यात आधी घाणेरीच उठते आणि मोकळ्या झालेल्या जागेवर बसते. दोन उन्हाळे मिळून तुम्ही तिला ऊनही दिलं आणि जागाही.

हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण सुरुवातीला आम्हीही हेच केलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक उतार होता. मे महिन्यात गावातल्या बायाबापड्यांनी दोन आठवडे राबून तो मोकळा केला, ढीग पेटवले. एका ढिगाची आच शेजारच्या उंबराला लागली आणि त्याची एक बाजू कायमची वाळली. सप्टेंबरात त्या उतारावर कमरेएवढी घाणेरी उभी होती आणि पावसानं उघड्या पडलेल्या मातीच्या घळी पाडल्या होत्या. लोकांची ती मेहनत वाया गेली याचं वाईट मला अजून वाटतं. त्या उताराला पुन्हा गवत धरायला किती पावसाळे लागले ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून तुम्हाला ही वाट पुन्हा धरू देणार नाही.

आता ओळख. फुलं असताना घाणेरी कुणीही ओळखतं. रुपयाच्या नाण्याएवढा झुबका, मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी, किंवा मधली पिवळी-केशरी आणि कडेची लाल. उमललेलं ताजं फूल पिवळं असतं आणि जुनं होताना रंग बदलतं, म्हणून एकाच झुबक्यात दोन रंग दिसतात. हिरव्या फळांचे घोस पिकले की काळे-जांभळे होतात. पण काम करायचं असतं ते बहुतेकदा फुलं-फळं नसलेल्या झुडपांमध्ये, तिथे हाताला काय लागतं ते महत्त्वाचं. कोवळी फांदी दोन बोटांत धरून फिरवा: ती चौकोनी लागते, चार धारा स्पष्ट कळतात, आणि धारांवर मागे वळलेले बारीक काटे असतात. हात टोकाकडे ओढला की रुततात. पानं समोरासमोर, जोडीनं येतात, कडा करवतीसारख्या, वरची बाजू खरखरीत. पान चुरगळलं की तो उग्र वास येतो, ज्याच्यावरून तिचं नाव पडलं. चौकोनी फांदी, मागे वळलेले काटे, समोरासमोर पानं आणि वास, या चारही गोष्टी जुळल्या तरच हात घाला.

फसगत कुठे होते ते सांगतो. सगळ्यात जास्त मुरुडशेंगेच्या बाबतीत. तिचंही पान खरखरीत आणि दातेरी, उंचीही तेवढीच. पण मुरुडशेंगेची पानं एकाआड एक येतात, फांदी गोल असते आणि काटा औषधालाही नसतो. धायटीची पानं समोरासमोर असतात, पण कडा सरळ, दाते नाहीत. ऐसराची पानं मोठी आणि खालून पांढुरकी लवदार. भारंगीची पानं दातेरी, खोडही चौकोनी, पण काटे नाहीत आणि घाणेरीचा तो वास नाही. करवंदाला काटे आहेत, पण ते सरळ आणि दणकट, पान गुळगुळीत आणि तोडलं की पांढरा चीक. माझा आग्रह आहे की कामाच्या पहिल्या दिवशी कुदळ कुणाच्याही हातात देऊ नका. गावातला एखादा गुराखी किंवा औषधी झाडपाला जाणणारी आजी सोबत घ्या, सगळ्यांना घेऊन त्या तुकड्यातून एक फेरी मारा, आणि राखायच्या प्रत्येक झुडपाला जुन्या साडीची चिंधी बांधा. घाणेरीच्या जाळीत आत कोंडलेली करवंदं, मुरुडशेंगी, चार-पाच पानांची हिरड्याची रोपं असतात. तीच उद्याचं जंगल. तोडीच्या धांदलीत सगळ्यात आधी बळी जातो तो त्यांचा.

काढण्याची जी पद्धत मी वापरतो ती माझी नाही. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरून दाखवली आणि २००९ साली तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. वनखात्यात ती ‘कट रूटस्टॉक’ नावानं ओळखली जाते. तिचं मर्म एकच: वार गाठीच्या खाली, मुख्य मुळावर बसला पाहिजे, आणि आजूबाजूची माती शक्य तितकी कमी हलली पाहिजे.

प्रत्यक्षात हे असं चालतं. दोघांची जोडी करा. एकाकडे कोयता आणि आकडी, दुसऱ्याकडे अरुंद पात्याची कुदळ. पहिल्यानं जाळीच्या फांद्या छाटून वाट करायची, पण झुडूप जमिनीसपाट करायचं नाही. दीड-दोन फुटांचा बुंधा मुठीसारखा धरायला ठेवायचा. मग बुंध्याभोवतीचा पालापाचोळा हातानं बाजूला सारा. गाठ दिसते, आल्याच्या जुन्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी, तिच्यातून चार-पाच खोडं वर गेलेली. त्या गाठीच्या खाली दोन-तीन बोटं, म्हणजे तीन ते पाच सेंटिमीटर मातीत, मुख्य मूळ एकटं खाली उतरतं. कुदळ उभी न मारता तिरकी मारा, गाठीच्या खालून आत शिरेल अशी. जोडीदारानं त्याच वेळी बुंधा पलीकडे दाबून धरायचा. नेम बसला की दोन-तीन घावांत मूळ तुटतं आणि अख्खं झुडूप अचानक हलकं होऊन हातात येतं. वर आलेल्या भागाला गाठ पूर्ण आहे का ते पाहा. गाठीचा तुकडा जमिनीत राहिला असेल तर तो लगेच काढा, नंतर काढू म्हणून सोडू नका. खाली राहिलेलं नुसतं मूळ सहसा फुटत नाही.

काढलेलं झुडूप उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. यात कुचराई चालत नाही. घाणेरीच्या फांद्या ओल्या मातीला टेकल्या की पेरांतून मुळं धरतात. श्रावणात नुसत्या फेकून दिलेल्या फांद्यांतून नवी जाळी उभी राहिलेली मी पाहिली आहे. खडकावर किंवा एकमेकांवर उलटी रचून ठेवा. ओढ्याच्या पात्रात नको आणि झाडाच्या बुंध्याशी तर नकोच, वणवा आला तर तो ढीग झाड घेऊन जाईल. फळं लागलेल्या फांद्या आधी वेगळ्या छाटून पोत्यात भरा.

वेळ हा अर्धा यशाचा भाग आहे. मे महिन्यात आपल्याकडची जमीन दगडासारखी असते, कुदळ आत जात नाही आणि माणूस कंटाळून वरूनच तोडतो. मुसळधार पाऊस ओसरल्यावर, साधारण ऑगस्टचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर, माती लोण्यासारखी असते आणि मूळ सुटतं. तीव्र उतारावर पावसाच्या दिवसांत हात लावू नका. तिथे पाऊस थांबल्यावरच, आणि तेही आडव्या पट्ट्यांनी: एक पट्टा काढायचा, खालचा तसाच ठेवायचा, वरच्या पट्ट्यात गवत आलं की पुढच्या वर्षी खालचा. मार्च ते जुलै बुलबुल, सातभाई असे कितीतरी पक्षी याच जाळ्यांत घरटी करतात, तेही एक कारण उन्हाळ्यात काम न करण्याचं. घरटं दिसलं तर ते झुडूप पिल्लं उडेपर्यंत राखा.

सुरक्षेबद्दल दोन शब्द, पण ते गंभीरपणे घ्या. जाळीत शिरण्याआधी लांब काठीनं ती झोडपा आणि क्षणभर थांबा. आत रानडुक्कर बसलेलं असू शकतं. पालापाचोळ्यात फुरसं आणि घोणस असतात, म्हणून पाचोळा हातानं सारण्याआधी काठीनं हलवा. गमबूट आणि जाड चामड्याचे हातमोजे हवेतच, पातळ कापडी मोज्यातून काटा आरपार जातो. पहाटे आणि तिन्हीसांजेला काम नको. सर्पदंशावरची लस जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळते हे सुरू करण्याआधी चौकशी करून ठेवा.

आता कुठून सुरू करायचं. प्रत्येक जण सगळ्यात दाट जाळीपासून सुरू करतो, कारण ती डोळ्यांत सलते. मी उलटं करायला सांगतो. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६०च्या दशकात झुडपी रानातलं परकं तण काढताना हाच क्रम घातला होता: जिथे देशी जंगल अजून चांगलं आहे तिथून सुरुवात, आणि हळूहळू बिघडलेल्या भागाकडे. चांगल्या जंगलात घाणेरी विरळ असते, काढलेल्या जागी देशी रोपं आपणहून येतात आणि माणसाला यश दिसतं. दाट जाळी एकदम उघडली तर तिथे जमिनीत पडलेलं सगळं बी एकाच वेळी उगवतं. ओढ्यालगत काम असेल तर वरच्या टोकापासून खाली या, नाहीतर वरून वाहत येणारं बी साफ केलेल्या जागेत पुन्हा पडत राहील.

आणि किती काढायचं? पुढची तीन वर्षं जितक्या जागेवर तुम्ही पुन्हा फिरून येऊ शकाल, तितकंच. या उत्तरातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. घाणेरीचं फळ बुलबुल, साळुंक्या खातात आणि उंच झाडावर बसून बी खाली टाकतात. त्यामुळे साफ केलेल्या तुकड्यातल्या प्रत्येक मोठ्या झाडाखाली पहिल्या पावसात रोपांचा सडा पडतो. जुलैमध्ये एक फेरी आणि सप्टेंबरमध्ये एक फेरी मारा. वीतभर रोप ओल्या मातीतून दोन बोटांनी उपटून येतं. बोटाएवढ्या रोपाचंही खोड चौकोनी असतं आणि वास तोच, त्यामुळे शाळेतली मुलंही हे काम चांगलं करतात. हीच फेरी एक वर्ष चुकली तर पुढच्या वर्षी कुदळ लागते, दोन वर्षं चुकली तर पुन्हा जाळी. श्रमदानाचा पहिला दिवस गर्दीचा असतो. तिसऱ्या वर्षीच्या जुलैला कोण येणार, हे मला आधी ठरवलेलं हवं असतं. नावं लिहून घ्या.

रिकामी जमीन रिकामी राहत नाही, हा पुढचा धोका. घाणेरी गेली की रानमोडी, गाजरगवत, रानतुळस, तरोटा टपलेलेच असतात. एक परकं तण काढून दुसऱ्याला घर दिलं असं अनेक ठिकाणी झालं आहे. यावर माझा उपाय गवताचा. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये जवळच्याच चांगल्या गवताळ पट्ट्यातून मारवेल, पवन्या अशा गवतांचं पिकलेलं बी हातानं ओरबाडून गोळा करा, सावलीत वाळवा, कापडी पिशवीत ठेवा. पहिल्या पावसाच्या तोंडावर ते शेणमातीत कालवून साफ केलेल्या तुकड्यात टाका. बी लांबून विकत आणू नका, त्याच टापूतलं हवं. ओढ्याकाठी आणि गर्द झाडोऱ्यात गवत टाकायची गरज नाही, तिथे सावलीच घाणेरीला रोखते. जाळीखाली आडोसा घेणाऱ्या पक्ष्यांसाठी करवंदाच्या जाळ्या वाढू द्या. रोपवनाचे खड्डे मात्र निदान पहिली दोन वर्षं घेऊ नका. आपोआप काय उगवतं ते आधी बघा. भेकर आणि सांबर परत येतात ते कोवळ्या गवतासाठी आणि पाल्यासाठी.

जेसीबी लावण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. यंत्र दिवसभरात मोठा तुकडा उघडा करतं हे खरं, पण ते चिंध्या बांधलेली झुडपं ओळखत नाही, माती खालीवर करतं, पुरलेलं बी उजेडात आणतं आणि गाठींचे तुकडे सगळीकडे पसरवतं. तणनाशकाचंही तसंच. तोडलेल्या बुंध्यावर औषध लावून घाणेरी मरते, पण अभयारण्यात, पाणवठ्याच्या वर, बेडूक-खेकड्यांच्या अंगावर ते वाहून जाणं मला मान्य नाही, आणि हातानं मूळ काढता येत असताना त्याची गरजही नाही.

किडे सोडून ती संपेल का, असंही विचारलं जातं. १९४१ साली ऑस्ट्रेलियातून आणलेला पानांचा रस शोषणारा एक ढेकूण भारतात पसरला. तो अजूनही आहे, काही महिने पानं करपवतो, आणि पाऊस आला की घाणेरी पुन्हा पालवते. त्याच्या भरवशावर राहू नका.

गावातून दोन हरकती येतील, त्यांची उत्तरं तयार ठेवा. पहिली, ‘फुलपाखरं येतात की तिच्यावर.’ येतात, मधासाठी. पण बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या तिचं पान खात नाहीत. अळीला लागणारी झुडपं आणि गवतं तिच्याखाली गुदमरतात, आणि ती झुडपं-गवतं गेली तर फुलपाखरांची पुढची पिढी कुठे वाढणार? दुसरी, ‘गुरांना पाला तरी होईल.’ अजिबात नको. घाणेरीच्या पानांतलं विष जनावराचं यकृत बिघडवतं, कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलून निघते. दुष्काळात भुकेलेल्या गुरांनी ती खाल्ली की हे घडतं. कच्ची हिरवी फळं मुलांनीही खाऊ नयेत.

वाळलेल्या काटक्यांचा उपयोग जरूर करा, कुंपणाला, चुलीला. कर्नाटकातल्या मलै महादेश्वर डोंगरातले सोलिगा लोक तिच्या खोडांपासून फर्निचर बनवतात, आणि निलगिरीतल्या कारागिरांनी बनवलेले घाणेरीचे पूर्णाकृती हत्ती २०२१ साली लंडनच्या बागांमध्ये उभे होते. असा हाताला काम देणारा उद्योग मला मनापासून आवडतो. फक्त एक अट: कारागिराला सरळ खोडं लागतात आणि तो ती गाठीच्या वरून कापतो. म्हणून त्याच्यामागे कुदळवाल्याची जोडी हवीच.

परवानगीचं आधी लिहायला हवं होतं, इतकं ते महत्त्वाचं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यातून वनोपज काढणं किंवा अधिवासाला धक्का लावणं मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय करता येत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. कलम ३० अभयारण्याला धोका होईल अशी आग लावायला मनाई करतं, तेव्हा ढीग पेटवणं यापुढे बंद. वनरक्षकाच्या तोंडी होकारावर थांबू नका. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, त्यात तुकड्याचा नकाशा, पद्धत आणि तीन वर्षांच्या फेऱ्यांचं वेळापत्रक जोडा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली तुमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर ग्रामसभेचा ठरावही सोबत लावा, तो कायदा ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देतो. आमच्या अनुभवात असा अर्ज घेऊन गेलं की अधिकारी बोलायला बसतात.

हे सगळं एका गावासाठी फार वाटेल. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे वाघांच्या टापूतल्या जंगलांत ही वनस्पती सुमारे दीड लाख चौरस किलोमीटरवर, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेचं झुडूप म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली होती. देशभरातून ती जाईल असं मी म्हणत नाही. तुमच्या ओढ्याकाठचे चार एकर मात्र नक्की मोकळे होऊ शकतात, आणि त्या चार एकरांत भेकराला चरायला जागा होते.

सुरुवात यंदा अशी करा. गणपती झाले की ओढ्याच्या वरच्या टोकाला, जिथे घाणेरी विरळ आहे तिथे, दहा मीटर बाय दहा मीटरचे दोन चौकोन दोरीनं आखा. एक काढा, एक तसाच ठेवा. काढायला किती माणसं आणि किती तास लागले ते लिहा. त्यावरूनच पुढच्या वर्षी किती जागा घ्यायची ते ठरेल. पहिल्या दिवशी निघालेल्या चार-पाच झुडपांच्या गाठींचे जवळून, मातीची खूण दिसेल असे फोटो काढून मला पाठवा. वार वर बसतो आहे की खाली, ते पाहून सांगतो.